चाकाखालची लिंबं

मारोतरावांना त्या दिवशी सकाळी सहा वाजता राग आला. तांड्यावरचा भावसिंग येणार होता दुपारी बाराला. म्हणजे हा राग सहा तास टिकवून धरायचा होता, आणि मारोतरावांचा आजवरचा अनुभव असा की त्यांचा राग चहा गाळून होईपर्यंतही टिकत नसे. म्हणून आज ते चहा न घेताच अंगणात येऊन बसले.

अंगण म्हणणंही थोडं धाडसाचंच. दिग्रसच्या त्या कॉलनीत प्रत्येक घरापुढे असतं तेवढं अंगण त्यांच्याही घरापुढे होतं, पण त्यात सहा वर्षांपासून एक काळी मोटार उभी होती. उरलेल्या जागेत तुळस, कपड्यांची दोरी आणि एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत बसलं की गुडघे मोटारीच्या दाराला टेकत. मारोतराव गेली सहा वर्षं असेच बसत. समोरचं काही दिसत नसे, पण दाराच्या काळ्या रंगात स्वतःचा चेहरा मात्र दिसे, आणि तो दर वर्षी अधिक ओशाळलेला दिसे.

रागाचं कारण काल संध्याकाळचं. महागावहून मेहुण्याचा, बबनरावांचा, फोन आला होता. बबनरावांकडे नवीकोरी पांढरी गाडी आहे, एवढी उंच की तिच्यात चढायला पायरी लागते.

"काय जावईबुवा, दुसरी बी घेऊन राह्यले म्हणते! एक चालत नाई म्हणून आता दोन? लयच भारी डोकं हाये बाप्पा तुमचं!"

त्यावर मारोतराव म्हणाले, "बघू."

फोन ठेवल्यावर सव्वा तासाने त्यांना खरं उत्तर सुचलं. उत्तर उत्तम होतं. नेमकं, सभ्य आणि जिव्हारी लागणारं. मधे एक अर्धविरामसुद्धा होता. पण तेवढ्यासाठी पुन्हा फोन लावणं त्यांना बरं दिसेना. मारोतरावांचं सगळं आयुष्य असं गेलं होतं. गावातल्या वाचनालयात एकतीस वर्षं ते ग्रंथपाल होते. बरोबर त्यांच्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी टांगलेली होती. वाचकांनी ती कधी मनावर घेतली नाही. मारोतरावांनी घेतली.

निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी बायकोला, विमलताईंना, सांगून टाकलं होतं, "आता तुला महागावला एसटीने जावं लागणार नाही." विमलताईंनी असं काही मागितलं नव्हतं. पण एकदा बोललेलं त्या विसरल्याही नाहीत. सहा वर्षं प्रत्येक राखीला, प्रत्येक भाऊबीजेला त्या पिशवी घेऊन निघत, पुसदला बस बदलत, आणि निघताना मोटारीकडे एकदा पाहत. ते पाहणं मारोतरावांना बबनरावांच्या शंभर फोनांपेक्षा जास्त लागे.

मोटार घेण्याची कल्पना पुस्तकातून आली. मारोतरावांच्या सगळ्या कल्पना तिथूनच येत. वाचनालयाने जीर्ण पुस्तकं काढली तेव्हा त्यांत निळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. एका विशिष्ट मोटारीची दुरुस्ती, पहिल्या खिळ्यापासून शेवटच्या खिळ्यापर्यंत, आकृत्यांसह. ते त्यांनी रीतसर पावती फाडून विकत घेतलं. आणि गंमत म्हणजे नेमकी तीच मोटार गावातल्या कापसाच्या एका जुन्या जिनिंगच्या आवारात सडत पडली होती. जिनिंगच्या मालकाने एके काळी अशा दोन जुळ्या मोटारी घेतल्या होत्या, एक स्वतःला आणि एक जावयाला. मालकाची मोटार मारोतरावांनी आणली. पुस्तक आहे, मोटार आहे, निवृत्तीमुळे वेळ आहे. अडचण काय येणार होती?

अडचण पहिल्याच महिन्यात आली, आणि ती मारोतरावांनी स्वतःच्या हाताने निर्माण केली. त्यांनी मोटार खोलली. खोलताना प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी चिकटवली, नोंदवहीत दाखल क्रमांक दिला आणि सगळे भाग डब्यांमध्ये लावून ठेवले. इथपर्यंत कोणत्याही कारखान्याने पाठ थोपटावी असं काम. फक्त त्यांनी ते भाग मोटारीत कुठे होते त्याप्रमाणे लावले नाहीत. अकारविल्हे लावले. 'बोल्ट, आखूड' एका डब्यात. 'बोल्ट, लांब' दुसऱ्यात. 'बोल्ट, त्याहून लांब' तिसऱ्यात. जोडायची वेळ आली तेव्हा कोणताही भाग त्यांना अर्ध्या मिनिटात सापडे. तो कुठे बसतो ते मात्र चार-चार महिने सापडत नसे. त्यात विमलताईंनी डाळ ठेवायला 'ल' ते 'व' असलेला डबा रिकामा केला. त्या वर्षी वरणात एक वॉशर निघाला. मारोतरावांनी तो धुऊन नोंदवहीत 'परत' असा शेरा मारला.

तरीही हळूहळू मोटार जुळली. अडलं ते एकशे बाराव्या पानाशी. इंजिनाच्या डोक्यावर एक गोल डबी असते, तिला मिस्त्री लोक डेलको म्हणतात. तिच्यातून चार तारा निघून चार प्लगांना जातात. कोणती तार कोणत्या प्लगला, आणि डबी कोणत्या खुणेवर फिरवून आवळायची, ते सगळं एकशे तेराव्या पानावर, असं एकशे बारावं पान सांगत होतं. आणि त्याच्यापुढे थेट एकशे पंधरावं पान होतं. मधलं पान कोणीतरी पात्याने नीट कापून नेलं होतं.

चार तारा चोवीस प्रकारे लावता येतात, हे गणित मारोतरावांनी कागदावर केलं. डबी फिरवायचे प्रकार मोजता येण्यासारखे नव्हते. सातव्या प्रकाराला मोटारीने धुरांड्यातून असा बार काढला की शेजारच्या बेबीताईंनी पोलिसांना फोन लावला आणि दोरीवरच्या विमलताईंच्या नव्या पातळाला भोक पडलं. पुढचे सतरा प्रकार घरात कायमचे बंद झाले.

कागदपत्रांची कथा निराळीच. त्या कार्यालयाचं नाव मारोतराव कोणाला सांगत नाहीत, कारण तिथे त्यांचं काम अजून अडकलेलं आहे. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर आणता येणार नाही. मारोतरावांनी विचारलं, मग तपासायची कशी? ते म्हणाले, इथे घेऊन या. "पण रस्त्यावर न आणता इथे कशी...?" गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "काका, नियम हाये. गाडी इथंच आणा लागते." मारोतरावांना भयंकर राग आला होता. 'बघू' म्हणून ते परत आले होते.

आणि आज खंडेनवमी. सगळी कॉलनी नळाखाली गाड्या धूत होती, झेंडूची तोरणं बांधत होती. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, चारही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढे काढून ते चिरडायचं, अशी रीत. विमलताई रीत मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. सहा वर्षं त्या दर खंडेनवमीला मोटारीला कुंकू लावत, चार लिंबं ठेवत. मोटार हलत नसे. लिंबं आधी पिवळी पडत, मग तपकिरी, मग दिवाळीपर्यंत दगडासारखी टणक होत. मग विमलताई ती वेचून कचऱ्यात टाकत आणि पिशवी घेऊन भाऊबीजेला एसटीने जात.

आजही त्या लिंबं घेऊन बाहेर आल्या. मारोतरावांनी गुडघे बाजूला घेतले.

"काय ठरवलं मंग?" वाकून पुढच्या चाकाखाली लिंबू सरकवत त्यांनी विचारलं. "भावसिंग येते म्हणे बाराले."

"विचार करतोय."

"सहा वर्षं विचारच करून राह्यले तुमी. दुसरी कुठं ठेवसान? माह्या सैपाकघरात?"

प्रश्न रास्त होता. दुसरी मोटार म्हणजे या मोटारीची जुळी, जिनिंगच्या मालकाच्या जावयाची. ती फिरत फिरत भावसिंगच्या बापाकडे आली होती. त्यांच्या बंजारा तांड्यावर टिनाच्या शेडात उभी होती. आता भावसिंगला शेड रिकामं हवं होतं. सोयाबीन निघालं होतं, मळणीचं यंत्र आज येणार होतं, माल ठेवायला जागा नव्हती. तुम्ही घ्या, नाही तर संध्याकाळी भंगारात देतो, असा त्याचा निरोप होता. त्यावरही मारोतराव 'बघू' म्हणाले होते.

कुंपणाच्या भिंतीवरून बेबीताईंचं डोकं वर आलं. बेबीताई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. कुठल्याही गोष्टीकडे त्या रोग्याकडे पाहावं तसं पाहत.

"मारोतभाऊ, माहं आयकाल तं घेऊन टाका. एकीचं काढून दुसरीले लावा लागते. माह्या भाच्याची किडनी अशीच बदलली."

"अहो पण..."

"दोन्ही मेल्या तरी दुःख एकाच खेपेचं होते." एवढा दिलासा देऊन डोकं खाली गेलं.

मारोतरावांनी मनातल्या मनात बेबीताईंना एक उत्तर रचलं. मग विमलताईंना एक. बबनरावांचं तर तयारच होतं. राग अजून शाबूत होता, हे पाहून त्यांना जरा बरं वाटलं. पण राग कोणावर काढावा हे ठरेना, कारण खोल कुठेतरी त्यांना वाटत होतं की हे सगळे लोक बरोबर असतील. आपल्यालाच मोटारीतलं काही कळत नसेल. पुस्तकातलं तरी कळतं का, कोण जाणे.

साडेनऊला ते उठले. गोपाल मिस्त्रीला शेवटचं विचारावं, असं त्यांनी ठरवलं.

गोपालचं गॅरेज स्टँडच्या रस्त्यावर. तो ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रं दुरुस्त करी, सगळी डिझेलची कामं. तरी मारोतरावांनी बोलावलं की येई. सहा वर्षांत दहा-बारा वेळा आला असेल. इंजिनात डोकं घाली, हात काळे करी, आणि डेलकोपाशी आला की थांबे. मारोतराव पुस्तक उघडून शेजारी उभे असत. कापलेल्या जागी बोट ठेवून पुटपुटत, "ज्या इसमाने हे पान कापलं त्याचे हात झडोत." गोपाल हात पुसे आणि म्हणे, "उद्या पाहू, सर." आणि मग महिनाभर येत नसे. दुसरी मोटार घ्या, हा सल्लाही त्याचाच. "तिचं डेलको तारांसकट उचलतो आन हिच्यावर ठेवून देतो. काही पाहाचं काम नाई, काही वाचाचं काम नाई."

गॅरेजात पूजा मांडलेली होती. धुतलेल्या पोत्यावर पान्हे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने, मग हातोड्या, जॅक, पक्कड. प्रत्येकावर कुंकवाचं बोट. मधोमध पाट, पाटावर तांदूळ, सुपारी, आणि प्लास्टिकमध्ये पक्का बसवलेला एक जुना छापील कागद. त्यालाही हळदकुंकू.

छापील कागद दिसला की मारोतराव वाकतात. तो त्यांच्या स्वभावाचा भाग आहे. भेळेचा कागदही ते वाचून टाकतात. ते वाकले. कागदावर एका गोल डबीची आकृती होती. चार तारा होत्या. वरच्या कोपऱ्यात आकडा होता, एकशे तेरा. आणि खाली समासात वाचनालयाचा जांभळा शिक्का, त्यावर मारोतरावांची स्वतःची सही.

"गोपाल," ते म्हणाले, "हे काय आहे?"

"पोथी हाये, सर. माही पोथी..." म्हणता म्हणता गोपालने मान वर केली आणि उदबत्ती हातातच राहिली.

रस्त्याने हार घातलेला एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"कधीपासून?"

"एक्क्याण्णवपासून." गोपालने खाली पाहतच सांगितलं. "मी उस्तादाच्या हाताखाली होतो. जिनवाल्या शेटची गाडी आलती. उस्ताद म्हणे, संध्याकाळपर्यंत चालू कर, नाई तं उद्यापासून येऊ नोको. कोणीतरी सांगतलं, वाचनालयात या गाडीचं पुस्तक हाये. तुमच्याकडे आलो. म्हणलं, सर, एक दिवसासाठी द्या. तुमी काय म्हणले, याद हाये?"

मारोतरावांना तो मुलगा आठवेना. वाक्य मात्र आठवलं, कारण एकतीस वर्षं ते रोज तेच बोलले होते. 'संदर्भग्रंथ आहे. बाहेर नेता येणार नाही. इथंच बसून वाचा.'

"मले इंग्रजी कुठं येत होतं, सर? चित्र गाडीपाशी धरून तारा लावाच्या होत्या. आता चित्र गाडीपाशी न्याचं का गाडी वाचनालयात आणाची? म्हणून पान कापलं, आन त्याच्यावरच माही नोकरी टिकली."

मारोतरावांच्या डोळ्यांपुढे एक खिडकी आली. खिडकीत चष्म्यावरून पाहणारे ते गृहस्थ होते. नीट पाहिलं तर चष्मा मारोतरावांचाच होता.

"जिनवाल्या शेटची गाडी," ते सावकाश म्हणाले, "म्हणजे..."

"तेच. तुमच्या अंगणातली."

"मग सहा वर्षं तू..."

"तुमी दर येळी पुस्तक धरून उभे! आन म्हणत, ज्यानं पान कापलं त्याचे हात झडो. मी त्याच हातानं तुमच्यासमोर तारा लावू कसा, सर? तुमी विचारलं असतं, तुले कसं माहीत. म्हणून तं दुसरी गाडी घ्या म्हणलं. तारांसकट उचलून ठेवलं असतं, तुमच्या मोटारीचं काम झालं असतं आन माही चोरी झाकली असती."

तर अशी गोष्ट होती. एक आख्खी मोटार, टनभर लोखंड, मारोतरावांच्या दारात येऊ घातलं होतं, आणि ते कशासाठी? एका पानाची लाज झाकण्यासाठी! मारोतरावांना राग आला. तो गोपालवर होता आणि तेवढाच स्वतःवर होता. दोन ठिकाणी वाटल्यावर राग पातळ व्हायला हवा, पण तसं झालं नाही. दोघांना पुरून उरेल इतका होता.

"दे ते पान," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

"आज नाई देता येत, सर. मांडलेलं हाये. उद्या दसरा होईस्तोवर उचलत नाई." गोपाल हात जोडून उभा होता. चेहऱ्यावर टिंगल अजिबात नव्हती. "इथंच बसून वाचा."

मारोतराव एका टायरवर बसले. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. एकतीस वर्षांची सवय, तुकडा खिशात असतोच. उदबत्तीच्या रिकाम्या पुड्याच्या आतल्या बाजूला त्यांनी आकृती उतरवली. एक नंबर, तीन नंबर, चार नंबर, दोन नंबर. डबीवरची खूण, पट्टीवरची खूण. रेघा सरळ आल्या. उतरवून झाल्यावर त्यांनी सवयीने खाली पृष्ठ क्रमांक लिहिला.

"चल," ते म्हणाले.

"सर, पान्ह्याले हात लावता येत नाई आज."

"हातांना हात लावता येतो ना?"

घरी आले तेव्हा विमलताई मोटारीला हार घालत होत्या. मारोतरावांनी बॉनेट उघडलं. विमलताई म्हणाल्या, "पूजा झाली हाये, आता काहून हात लावता?" मारोतराव इंजिनावर वाकले. "दोरीवर कपडे हायेत!" ते आणखी वाकले. विमलताईंनी गोपालकडे पाहिलं. गोपालने आकाशाकडे पाहिलं. मग विमलताईंनी दोरीवरचे कपडे काढून आत नेले, फक्त नवं पातळ नव्हे, फडकीसुद्धा.

मारोतरावांनी पुडा टपावर ठेवून एकेक तार ओढली आणि एकेक बसवली. डबी बोटांनी खुणेवर आणून हातानेच आवळली. भाग धुवायला बाटलीत ठेवलेलं पेट्रोल टाकीत ओतलं. अर्धी बाटली. पुढून फिरवायचं लोखंडी हँडल अवजारात मोडतं की गाडीत, असा प्रश्न गोपालने काढला. मारोतरावांनी जागच्या जागी निर्णय दिला, "गाडीत. नोंदवहीत 'ह'मध्ये आहे, गाडीचाच भाग." मग ते पुडा उचलून स्टेअरिंगवर जाऊन बसले आणि गोपालने हँडल मारलं.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा मोटार आळस दिल्यासारखी हलली. बेबीताईंचं डोकं वर आलं. तिसऱ्यांदा आधी एक खोकला, मग काळा धूर, आणि मग एक आवाज सुरू झाला तो थांबेचना. तुळशीची पानं थरथरू लागली. सगळ्या डब्यांतले उरलेले भाग, ज्यांची जागा कधीच सापडली नव्हती, आतल्या खोलीत खुळखुळू लागले.

विमलताई दारात उभ्या होत्या. मग आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एसटीची पिशवी होती. दार उघडून त्या शेजारी येऊन बसल्या, पदर नीट केला आणि समोर पाहून म्हणाल्या, "लिंबं चिरडा."

मारोतरावांनी क्लच सोडला. पट्. पट्. मग मागची दोन एकदम. सहा वर्षांत चोवीस लिंबं चाकाखाली नुसती वाळली होती, आज चार फुटली. वास थेट आत आला. विमलताईंनी नाक पुसल्यासारखं केलं.

आणि मोटार फाटकाकडे निघाली.

याच क्षणी फाटकात भावसिंग आला. अर्धा तास आधीच. पुढे ट्रॅक्टर, मागे जाड दोराने बांधलेली काळी जुळी मोटार, तिच्या स्टेअरिंगवर भावसिंगची बायको नंदाबाई, डोक्यावरून ओढणी घेऊन राणीसारखी बसलेली. जुळी बरोबर फाटकासमोर आडवी थांबली.

"मळणीचं थ्रेशर लवकर आलं, काकाजी!" भावसिंग ओरडला. "म्हणलं आता विचारत काय बसाचं, नेऊनच देतो!"

मारोतरावांचं 'बघू' म्हणजे होकार, हे चार गावांत सर्वांना ठाऊक होतं.

मारोतरावांनी ब्रेक दाबला. ब्रेकचं प्रकरण पुस्तकात एकशे चाळीसच्या पुढे होतं आणि ते तिथवर पोचले नव्हते. मोटार सावकाश, पण ठामपणे जुळीकडे जात राहिली. त्यांनी हॉर्नचं बटण दाबलं. हॉर्न 'ह'च्या डब्यात होता. डबा घरात होता.

मग मारोतरावांनी तोंड उघडलं.

"हटव ते! भावसिंग! हटव बे ते धूड! नाई पाह्यजे मले! दुसरी नाई पाह्यजे! कोणाचा सल्ला नाई पाह्यजे! हे चालते माही! चालते! हट बाजूले!"

सकाळी सहापासूनचा राग होता तो. खरं म्हणजे त्याच्याही आधीच्या एकतीस वर्षांचा, पाटीखाली बसून साठवलेला. एवढा मोठा आवाज आपल्यात होता हे मारोतरावांना माहीत नव्हतं. बेबीताई भिंतीआड बसल्या. भावसिंगने फौजदाराचं ऐकावं तसं ऐकून ट्रॅक्टर पुढे घेतला. नंदाबाईने स्टेअरिंग झटक्यात वळवलं. जुळी पुढे सरकली आणि मारोतरावांची मोटार, फाटकाच्या कडीने दारावर एक लांब पांढरी रेघ ओढून घेत, रस्त्यावर आली.

कोपऱ्यापर्यंत मारोतराव गाडी चालवत गेले. दोनशे पावलं असतील. डावीकडे लोक उभे होते, उजवीकडे लोक उभे होते. कोणी तरी टाळ्या वाजवल्या. आणि कोपऱ्यावर आवाज थांबला. अर्धी बाटली संपली होती.

मारोतराव स्टेअरिंग धरून बसून राहिले. विमलताईंना उतरायला सांगावं असं त्यांना वाटलं, पण सगळा आवाज खर्च झाला होता.

मागून ट्रॅक्टर आला. भावसिंगने वाकून पाहिलं.

"काकाजी, दोर हाये. हे आता भंगारात देतो, पंप त्याच रस्त्यावर हाये." मग तो नंदाबाईकडे वळून त्यांच्या तांड्याच्या गोरबोलीत काहीतरी बोलला आणि दोघंही हसले. मारोतरावांना गोरबोली येत नाही, पण आपल्यावर हसलेलं कळायला भाषा लागत नाही.

"उतरतेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"सहा वर्षानं बसली," विमलताई म्हणाल्या, "आता नाई उतरत."

असे ते सगळे निघाले. पुढे ट्रॅक्टर, मग दोराने नंदाबाईची जुळी, मग दुसऱ्या दोराने मारोतरावांची मोटार. जी मोटार नको म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आरडाओरडा केला, तिच्याच मागे ते बांधले गेले होते. आपली मोटार तपासल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाही, हेही त्यांना आठवलं. पण ओढून नेलेली गाडी रस्त्यावर आणली असं होतं का, हा मुद्दा त्यांनी पुढे खिडकीसमोर मांडण्यासाठी लक्षात ठेवला. गॅरेजवरून जाताना गोपाल दारात उभा होता. तो आधीच धावत तिथे पोचला होता. त्याने हात जोडले. मारोतरावांनी उत्तर द्यायला हात वर केला आणि हातातला पुडा दाखवला. उद्या त्याला सांगायचं होतं की पान तुझ्याकडेच राहू दे, नोंदवहीत तसं लिहून घेतो.

पंपावरच्या माणसाने नळी काढली, दोन्ही काळ्या मोटारींकडे पाहिलं, जुळ्या आहेत हे ओळखलं आणि विचारलं, "काकाजी, दोन्हीत टाकू?"

"एकीतच!" मारोतराव ओरडले. सगळ्या पंपाने वळून पाहिलं. "एकीत! ह्या एकीत! एकच हाये माही!"

विमलताईंनी मांडीवरची पिशवी जरा सरकवली.

"आयकू येते त्याले. असं वरडत राह्यले तं महागावपर्यंत तुमचा गळा नाई पुरणार. आधी हॉर्न बसवा."

मारोतरावांना ते पटलं. त्यांनी 'ह'चा डबा आठवून पाहिला. त्यातला हॉर्न गंजलेला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे नंदाबाई निघायच्या तयारीत होती. तिने सहज बटण दाबलं. जुळीचा हॉर्न खणखणीत वाजला.

मारोतरावांनी भावसिंगकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"समोर पाहा," विमलताई म्हणाल्या.